झाले गेले वैनगंगेला मिळत नाही

गेला आठवडाभर आमच्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक लांबलचक संदेश फिरतो आहे. नव्या सरकारने आधीच्या सरकारच्या काळातील कोठडीतल्या छळाबद्दल खटले भरू नयेत, असे त्याचे म्हणणे असून त्यासाठी पाच कारणे दिलेली आहेत: खटले म्हणजे सूड, जगात कोणीही असे करत नाही, छळामुळेच हल्ले टळतात, खालच्या माणसाने केवळ हुकूम पाळलेला असतो, आणि शेवटी झाले गेले गंगेला मिळाले. एरवी असले संदेश मी न वाचताच पुसून टाकतो. हा मात्र माझ्या भाच्याने पाठवला. तो पोलीस भरतीची तयारी करतो आणि रोज पहाटे आरमोरी रस्त्यावर धावतो. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही असे सांगणारे संविधानाचे कलम २०(३) त्याला तोंडपाठ आहे. तरीही संदेशाखाली त्याने लिहिले होते, "मामाजी, याच्यात खोटं काय हाये?"

सर्वांत घातक मुद्दा तिसरा आहे, म्हणून आधी तोच घेतो. छळ केला की खरे बाहेर येते, असे मानणाऱ्याने इब्न अल-शेख अल-लिबी याचे प्रकरण पाहावे. २००१ च्या अखेरीस पकडलेल्या या माणसाला अमेरिकेने चौकशीसाठी इजिप्तच्या ताब्यात दिले. तेथे आपल्याला जेमतेम ५० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या पेटीत सुमारे १७ तास कोंबून ठेवले, असे त्याने नंतर सांगितले. आमच्या अंगणातला कोंबड्यांचा खुराडा याहून मोठा आहे. पेटीतून काढून मारहाण झाल्यावर त्याने चौकशी करणाऱ्यांना हवे होते तेच सांगितले, की इराकने अल-कायदाला रासायनिक आणि जैविक शस्त्रांचे प्रशिक्षण दिले. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ५ फेब्रुवारी २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत हीच माहिती पुरावा म्हणून मांडली आणि पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झाले. २००४ मध्ये अल-लिबीने तो जबाब खोटा असल्याचे सांगितले आणि अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेला, म्हणजे सीआयएला, ती माहिती मागे घ्यावी लागली. हल्ला टळणे दूरच, एक युद्ध उभे राहायला हातभार लागला.

हे कोणा चळवळ्याचे म्हणणे नव्हे. अमेरिकी सिनेटच्या गुप्तचर समितीने सीआयएच्याच कागदपत्रांवरून डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाच्या सारांशात स्पष्ट म्हटले आहे की, या 'विशेष' पद्धती माहिती मिळवण्यासाठी परिणामकारक नव्हत्या. एका कैद्याच्या तोंडावर फडका टाकून पाणी ओतण्याचा प्रकार एकाच महिन्यात १८३ वेळा झाला. पहिल्या-दुसऱ्या वेळेत खरे निघत असते तर १८३ पर्यंत मोजण्याची पाळी आली नसती. त्याच अहवालानुसार सीआयएच्या कोठडीतील ११९ जणांपैकी किमान २६ जणांना तर मुळात डांबायलाच नको होते.

हुकुमाचा मुद्दा भाच्याच्या कामाचा, म्हणून त्याला कायदाच वाचून दाखवला. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३३० होते: कबुली वा माहिती काढण्यासाठी इजा केल्यास ७ वर्षांपर्यंत कारावास. त्याखालचे पहिलेच उदाहरण गुन्हा कबूल करवण्यासाठी छळ करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे आहे, आणि पुढे थकलेल्या शेतसाऱ्यासाठी छळणारा महसूल अधिकारी आणि खंडासाठी रयतेला छळणारा जमीनदारही आहे. इंग्रजांनाही आपल्या ठाण्यांमध्ये काय चालते ते ठाऊक होते. आता हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० मध्ये आहे आणि 'साहेबांनी सांगितले होते' अशी सवलत तिच्यात नाही.

जगात कोणी करत नाही, हे तर धादांत खोटे आहे. ग्रीसमध्ये १९७४ साली लष्करी राजवट कोसळली आणि १९७५ मध्ये कैद्यांचा छळ करणाऱ्या लष्करी पोलिसांवर खटले चालले. अर्जेंटिनात १९८५ साली माजी हुकूमशहा विदेला याला जन्मठेप झाली. सीआयएच्या या छळाबाबत अमेरिकेचे अध्यक्ष ओबामांनी मागे न पाहता पुढे पाहण्याची भाषा केली, हे मात्र संदेशात बरोबर आहे. त्याचे फळ काय मिळाले, ते सांगितलेले नाही. २०१६ च्या निवडणुकीत ट्रम्प यांनी पाण्याचा तो छळ पुन्हा आणण्याची उघड ग्वाही दिली आणि थायलंडमधील गुप्त तुरुंगाची प्रमुख राहिलेली अधिकारी २०१८ साली सीआयएची संचालक झाली.

सुडाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. जनता सरकारने ३ ऑक्टोबर १९७७ रोजी इंदिरा गांधींना अटक केली आणि दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने त्यांना सोडले; त्या घाईने आणीबाणीतल्या खऱ्या अत्याचारांची चौकशीही राजकीय वाटू लागली. पण आपल्याकडचा जुना रोग सुडाचा नाही, एकमेकांना सांभाळून घेण्याचा आहे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. त्यानंतर सर्व रंगांची सरकारे येऊन गेली, तरी त्याला संसदेच्या कायद्याचे बळ कोणीही दिले नाही. २०१० साली लोकसभेने संमत केलेले विधेयक राज्यसभेत अडकून बारगळले. आज ना उद्या आपणही माजी होणार, हे प्रत्येकाला कळते.

राहिली गंगा. आमची गंगा म्हणजे वैनगंगा, आणि तिच्या पलीकडे देसाईगंज, म्हणजे आमची वडसा. मार्च १९७२ मध्ये तेथील पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कोठडीतील बलात्काराचा कायदा बदलला. 'झाले गेले' म्हणायला अकरा वर्षे पुरेशी होती, पण लोकांनी तसे म्हटले नाही.

हे सगळे वाचून भाच्याचे एकच वाक्य आले: "मंग उद्या साहेबानं सांगितलं तं?" त्याला कलम ३३० खालचे ते पहिले उदाहरण पुन्हा पाठवले आहे.