लाकूड सात दिवसांत कुजत नाही, मंडळी

पावसाळा लागला की इंदुरातल्या मराठी ग्रुपांवर एक निरोप फिरायला लागतो. थोडक्यात असा: छाटलेल्या फांद्या, भुसा, वाळकी पानं यांचा ढीग करा, गूळ-ताकाचं पाणी घालून चिंब भिजवा, सात दिवसांत खत तयार, पांढरी बुरशी दिसली तर विषारी, तेवढा भाग फेका, आणि आपल्याकडे कचऱ्याचा गॅस होतोच, मग फांद्याही त्याच गाडीत द्या. पाचोळा जाळू नका, हे त्यातलं वाक्य मात्र सोळा आणे खरं.

आधी सात दिवसांचं बघू. लाकडात सेल्युलोज असतं आणि त्याला धरून बसलेलं लिग्निन, वजनाच्या साधारण 20 ते 30 टक्के. सेल्युलोज म्हणजे साखरेची सरळ साखळी, ती तोडणारे पुष्कळ. लिग्निनची जोडणी मात्र वेडीवाकडी, ठरावीक सांधा नाहीच. म्हणून एका सांध्याला बेतलेलं विकर, म्हणजे एन्झाइम, तिथे हात टेकतं. पांढरी कूज करणाऱ्या बुरश्या निराळा डाव टाकतात. त्या पेरॉक्सिडेज जातीची विकरं बाहेर सोडतात आणि ती हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोरावर लिग्निनमधले इलेक्ट्रॉन ओढून ते खिळखिळं करतात. यातलं लिग्निन पेरॉक्सिडेज 1983 साली सापडलं. गंमत म्हणजे लिग्निन फोडून बुरशीच्या पदरात फारसं काही पडत नाही. सगळा खटाटोप आतल्या सेल्युलोजपर्यंत पोचायचा. मनगटाएवढ्या फांदीला यात वर्षं जातात. गव्हाचं काड त्या मानाने मऊ, तरी त्यावर ढिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) लावली तर पहिलं पीक यायलाच तीन-चार आठवडे लागतात, आणि पीक काढल्यावरही पिशवीत काड उरतंच.

गूळ-ताक? ताकातल्या जिवाणूंना लिग्निन फोडता येत नाही. गुळावर त्यांची दोन दिवस चंगळ होते, इतकंच. भुशाला खरी टंचाई असते नत्राची: त्यात कार्बन नत्राच्या शेकडो पट असतो. त्यापेक्षा शेण किंवा हिरवं गवत मिसळा.

चिंब भिजवणं तर उलट नडतं. बुरश्यांच्या लिग्निन फोडण्याच्या त्या डावाला ऑक्सिजन हवा. पाणी तुंबलं की हवा कोंडते, ढीग आंबतो आणि शेजारचे दार ठोठावतात. मूठ दाबली की एखादा थेंब यावा, एवढी ओल पुरे. अगदी कोरडंही नको: 20 टक्क्यांखाली ओलावा असलेलं लाकूड कुजत नाही, म्हणून तर घरातलं कपाट पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

गॅसचं म्हणाल, तर इंदूरचा बायो-सीएनजी प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाला, क्षमता रोज 550 टन. पण तो ओल्या कचऱ्यासाठी. हवाबंद टाकीत जिवाणू भाजीपाला, उरलंसुरलं अन्न पचवतात. लिग्निन हवेशिवाय जवळजवळ जसंच्या तसं राहतं. फांद्या तिथे देऊन उपयोग काय?

राहिली ती ‘विषारी’ बुरशी. ढीग हलकेच उकरून बघा. पांढऱ्या तंतूंनी पानं एकमेकांना टाचलेली असतात. एक उचललं की आणखी तीन-चार लोंबत वर येतात. तंतूंखालचं पान फिकट पडलेलं, जाळीदार. कुजवण्याचं काम करणारे हेच, आणि निरोप म्हणतो हेच फेका! दमेकऱ्यांनी उकरताना नाकाला फडकं बांधावं, आणि ढिगावर छत्र्या उगवल्या तर चाखून बघायच्या भानगडीत पडू नये. फांद्यांचे बोटभर तुकडे करून कुंपणाकडेला, मातीला टेकतील असे ठेवा आणि एक-दोन पावसाळे तिकडे फिरकू नका.