आमच्या घरातला सावत्र बाप

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी मी बनियनवर बसून दुसरा चहा घेत असताना माझ्या सख्ख्या मुलाने मला सावत्र ठरवलं.

वय वर्षं नऊ. हातात जाडजूड पुस्तक आणि त्यात खूण म्हणून माझ्याच गाडीच्या विम्याची पावती. बराच वेळ तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मग जवळ आला, माझ्या खांद्याचा वास घेतला, ‘हंऽऽ’ असं म्हणाला आणि स्वयंपाकघरात गेला. तिथून संवाद ऐकू येऊ लागला.

“आई, बाबाला भेटायच्या आधी तू कधी समुद्रावर गेली होतीस?”

“गेले होते की. कॉलेजच्या ट्रिपला, अलिबागला.”

“तिथे तुला कुणी भेटला होता? उंच, हिरव्या डोळ्यांचा? फुलाफुलांचा शर्ट आणि बर्म्युडा घातलेला?”

“बर्म्युडा घालून अलिबागला सगळेच येतात रे,” बायको म्हणाली. तिचं अर्धं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे होतं. पण त्या ‘सगळेच’मध्ये चिरंजिवांना जे हवं होतं ते मिळालं. त्यांनी विम्याची पावती दोन पानं पुढे सरकवली.

पुस्तक होतं रिक रायर्डन यांच्या पर्सी जॅक्सन मालिकेतलं पहिलं, २००५ सालचं. ज्यांच्या घरात आठ ते तेरा वयाचं मूल आहे त्यांना सांगायला नको. ज्यांच्या घरात नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ग्रीक देव मेलेले नाहीत, ते अमेरिकेत स्थायिक झालेत. (ग्रीन कार्डाला किती वर्षं लागली, हे पुस्तकात दिलेलं नाही.) त्यांचं घर असलेला ऑलिम्पस पर्वत आता न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर आहे. हे देव अधूनमधून खाली उतरतात, माणसांच्या प्रेमात पडतात आणि परत वर जातात. मागे उरलेली मुलं म्हणजे अर्धदेव. पर्सी हा त्यातला एक, समुद्रदेव पोसायडनचा मुलगा. तो आईजवळ राहतो आणि त्याला एक सावत्र बाप आहे.

या सावत्र बापाचं नाव गेब, आणि त्याला लागलेलं विशेषण मी मराठीत आणतो: दुर्गंधी गेब. तो पत्ते खेळतो, घरभर पसारा करतो आणि बायकोवर खेकसतो. आता मी खेकसत नाही. पण दिवाळीत तीनपत्ती खेळतो, आणि संध्याकाळी सातच्या गाडीतून उतरून घरी येतो तेव्हा माझा वास गुलाबपाण्यासारखा नसतो, हे मला मान्य आहे. खरी गोम पुढेच आहे. अर्धदेवांच्या अंगाला म्हणे एक वास असतो आणि त्यावरून राक्षस त्यांचा माग काढतात. गेबच्या दुर्गंधीत तो वास दडून जातो, म्हणून पर्सीची आई त्याच्याशी लग्न करते आणि वर्षानुवर्षं त्याला झेलते.

“म्हणजे बाबा,” चिरंजिवांनी मला अत्यंत समजूतदारपणे सांगितलं, “तू यूजफुल आहेस. आई तुला माझ्यासाठी सहन करते.”

मी दाद मागायला बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “शेवटी काय होतं त्या गेबचं?”

शेवटी पर्सीची आई त्याला मेडुसा नावाच्या राक्षसिणीचं मुंडकं दाखवते. ते बघताच त्याचा दगड होतो. तो पुतळा ती विकते आणि त्या पैशांतून स्वतःच्या कॉलेजची फी भरते. हे ऐकल्यावर बायकोने मला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं. “किती येतील?” असं ती मोठ्याने म्हणाली नाही. पंधरा वर्षांच्या संसारात न म्हटलेलंही ऐकू येतं.

तोच एप्रिल. आई सहा महिन्यांसाठी गुहागरहून आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आलेली. रात्री गोष्ट सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे, आणि आईला कळावं म्हणून मी पुस्तक इंग्रजीत बघून मराठीत वाचतो. समोर एक श्रोता ग्रीक पुराणातला तज्ज्ञ, दुसरी हिंदू पुराणातली, आणि मध्ये मी. पर्सीच्या गुरूला मी ‘चिरोन’ म्हणालो की डावीकडून ‘कायरन!’ येतं. पाताळाची राणी पर्सेफोनी, तिला मी दोन रात्री टेलिफोनच्या चालीवर ‘पर्सीफोन’ म्हणत होतो, तेव्हा चिरंजिवांनी माझ्या हातातून पुस्तकच काढून घेतलं होतं.

आईला मात्र काहीच नवीन नव्हतं. आकाशाचा राजा, हातात वीज, दुसऱ्याच्या बायकांवर डोळा? “म्हणजे इंद्र.” आकाशाचा झ्यूस, समुद्राचा पोसायडन आणि पाताळाचा हेडिस या तिघा भावांनी दुसऱ्या महायुद्धानंतर शपथ घेतली होती की यापुढे माणसांत मुलं होऊ द्यायची नाहीत, आणि झ्यूसनेच ती आधी मोडली, असं मी वाचलं. आई जपमाळ न थांबवता म्हणाली, “इंद्र तो. शपथेवर कसला राहतोय?” नरकाचं दार पुस्तकात लॉस एंजेलिसच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत आहे, हे ऐकून मात्र ती अस्वस्थ झाली. माझा धाकटा भाऊ तिकडेच घर बघतोय. नदीपार नेणाऱ्या नावाड्याला नाणं द्यावं लागतं, म्हणून ग्रीक लोक प्रेताच्या तोंडात नाणं ठेवत, हे तिला पटलं. आपल्याकडे सोन्याचा मणी ठेवतात, तुळशीपत्र ठेवतात. “पण वैतरणीला नाणं चालत नाही हो. तिथे गाय दान करावी लागते.” वैतरणा हे विरारच्या पुढचं स्टेशन आहे, ही माहिती मी पुरवली. ज्याने सकाळच्या वेळी विरारला गाडी पकडली आहे त्याला नरकाचं दार लॉस एंजेलिसला असल्याचं पटणं कठीणच.

पण घात केला तो आईनेच. एका रात्री नातवाला समजवायला म्हणून ती बोटांवर मोजत सांगू लागली, “अरे, आपल्याकडे तर पाच-पाच आहेत असे. युधिष्ठिर यमधर्माचा, भीम वायूचा, अर्जुन इंद्राचा, नकुल-सहदेव अश्विनीकुमारांचे. आणि कर्ण सूर्याचा, तो वेगळाच.”

“मग त्यांचे बाबा?”

“ते पंडुराजाचे म्हणूनच ओळखले जायचे. म्हणून तर पांडव.”

चिरंजीव अंथरुणात उठून बसले. “म्हणजे पंडू पण स्टेपडॅड होता!”

त्या रात्रीपासून माझं गेबपण सुटलं आणि मी पंडू झालो. याला बढती म्हणावं तर पंडूचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे.

मे महिन्यात प्रकरण पुस्तकातून बाहेर आलं. अर्धदेवांच्या शिबिरात जेवण्याआधी प्रत्येक जण आपल्या ताटातला सगळ्यात चांगला घास आगीत टाकतो, देवांना. आईचे डोळे भरून आले. नैवेद्य, वैश्वदेव, काकबळी, सगळं तिला एका पानात सापडलं. “बघ, परक्या देशात मुलं करतात, आणि तू चित्राहुती तरी घालतोस का?” हे मला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्मोक अलार्म किंचाळू लागला. चिरंजीव स्टुलावर उभे राहून कारल्याच्या काचऱ्या एकेक करून गॅसच्या आचेत टाकत होते. टॉवेल हलवून हलवून माझे खांदे भरून आले. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून डोकावून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

“देवाला नावडती भाजी?” आई कडाडली.

“आजी, प्रोमीथिअसने पण तसंच केलं होतं.”

आणि दुर्दैवाने ते खरं आहे. हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीच्या काव्यात ती कथा येते. प्रोमीथिअसने बैल कापून दोन वाटे केले. एकात चांगलं मांस, पण वरून ओंगळ पोट झाकलेलं. दुसऱ्यात नुसती हाडं, पण वरून चरबीचा चकचकीत थर. झ्यूसने चरबीचा वाटा उचलला. तेव्हापासून ग्रीक माणसं देवाला हाडं जाळत आणि मांस स्वतः खात. नऊ वर्षांच्या मुलाने स्वतःच्या बचावात हेसिअड काढला की बापाने काय करावं, हे पालकत्वावरच्या कुठल्याही पुस्तकात नाही. मी खिडक्या उघडल्या.

मग निळ्या पदार्थांचा आठवडा आला. पर्सीची आई सगळं निळं करते, केकसुद्धा. आमच्याकडे पोह्यांत निळा रंग पडला. पोह्यांत हळद असते, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. हिरवेगार पोहे पुढ्यात आल्यावर आई एवढंच म्हणाली, “निळा एक कृष्ण बरा, नाहीतर हलाहल.” ते पोहे मी डब्यात नेले. ऑफिसात कुणी विचारलं नाही, पण माझ्या टेबलाजवळ दुपारभर कुणी फिरकलंही नाही. दुर्गंधी गेबला त्या दिवशी मी आतून समजू शकलो.

सगळ्यात महाग पडली ती मेडुसा. पुस्तकात तिचं दुकान न्यू जर्सीतच आहे, रस्त्याच्या कडेला, बागेत ठेवायचे पुतळे विकायचं. हे पुतळे म्हणजे अर्थातच तिची जुनी गिऱ्हाइकं. आईला तुळशीसाठी कुंडी हवी होती, म्हणून आम्ही गावाबाहेरच्या एका नर्सरीत गेलो. दारात सिमेंटचे ससे, बेडूक, लाल टोपीचे बुटके आणि एक पंख तुटलेला देवदूत. आणि गल्ल्यावर डोक्याला रुमाल गुंडाळलेल्या एक वयस्क बाई.

चिरंजिवांनी गाडीतून स्टीलची ताटली काढली. ती त्यांनी घरूनच, शर्टाच्या आत लपवून आणली होती. ग्रीक पुराणातल्या पर्सियस या वीराने मेडुसाकडे थेट न बघता ढालीतल्या प्रतिबिंबात बघत तिचं डोकं उडवलं, हे तुम्हाला ठाऊक असेल. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की माझा मुलगा भर दुकानात ताटली तोंडासमोर धरून उलटा चालतोय. बाई कौतुकाने म्हणाल्या, “काय गोड मुलगा!” आणि त्याच्याकडे आल्या. त्याने वेग वाढवला. मागे मातीच्या कुंड्यांची उतरंड होती.

चार कुंड्या आणि एक बेडूक. पैसे मी दिले. बाई बिचाऱ्या ‘असू दे, असू दे’ म्हणत होत्या. आईने तेवढ्यात पाचवी, न फुटलेली कुंडी उचलली आणि चौघींच्या नुकसानभरपाईत हिची किंमत कमी करा, असं मला इंग्रजीत सांगायला लावलं. गाडीत बसल्यावर चिरंजीव म्हणाले, “बाबा, तू तिच्या डोळ्यात बघून बोललास आणि तुला काही झालं नाही.” मला क्षणभर वाटलं, आता अभिमान. पण पुढचं वाक्य होतं, “गेबवर बहुतेक चालत नसेल.” मी आठवण करून दिली की गेबवरच चाललं होतं. तो गप्प झाला. वादात मी जिंकलेला तो एकमेव दिवस.

एम्पायर स्टेट टळणार नव्हतीच. ही इमारत १९३१ ची, मजले १०२, आणि दर वर्षी तिच्यावर वीस-पंचवीस वेळा वीज पडते. विजांच्या देवासाठी जागा निवडणाऱ्या लेखकाचं मला कौतुकच वाटलं. खालच्या दालनात चिरंजिवांनी थेट सुरक्षारक्षकाला गाठलं आणि सहाशेव्या मजल्याची चावी मागितली. त्या माणसाने मान वरही केली नाही. असा मजला नाही, म्हणाला.

आता हे ऐकून कुठल्याही मुलाचा हिरमोड झाला असता. पण पुस्तकातला रक्षकही हेच म्हणतो. चिरंजीव आनंदाने थरथरत माझ्याकडे वळले, “बघितलंस? तो लपवतोय!” चार तिकिटं काढून मी सगळ्यांना शहाऐंशीव्या मजल्यावर नेलं. हडसन, पूल, धुक्यात बंदर, सगळं दाखवलं. तो पूर्ण वेळ छताकडे बघत होता. आईने कानाला पदर घट्ट बांधून घेतला आणि म्हणाली, इथे देव राहत असतील तर त्यांना सर्दी असणार.

परत येताना गाडीत तिघंही झोपले आणि मी मनातल्या मनात रायर्डन साहेबांशी भांडलो. हे गृहस्थ मुळात शाळामास्तर. टेक्सासात इंग्रजी आणि इतिहास शिकवायचे. त्यांच्या मुलाला वाचायला त्रास व्हायचा आणि लक्ष एका जागी टिकायचं नाही, डिस्लेक्सिया आणि एडीएचडी दोन्ही. त्याला फक्त ग्रीक पुराणं आवडायची. हे त्याला रोज झोपताना ती सांगायचे. सांगून सांगून गोष्टी संपल्या, मुलगा ऐकेना, तेव्हा त्यांनी पर्सीला जन्माला घातलं आणि सांगितलं की अक्षरं डोळ्यांपुढे तरंगतात कारण तुझा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी बनलाय, आणि एका जागी बसवत नाही कारण तू लढवय्या आहेस. शाळेतून ‘लक्ष विचलित होतं’ असा शेरा आमच्याकडेही आला होता. तो कागद चिरंजिवांनी फ्रिजवर चुंबकाने लावलाय, पदकासारखा.

माझं भांडण वेगळंच होतं. रोज रात्री खुर्ची ओढून गोष्ट सांगणारा एक बाप, आणि त्याने रचलेल्या गोष्टीत बापाला जागा किती? एक जण समुद्राखाली, एक जण दगड. मधल्या माणसाचं काय? जो टोल भरतोय?

जूनमध्ये तळघरातला पाइप फुटला. रविवार होता, प्लंबर सोमवारी येणार होता. गुडघाभर नाही, पण घोटाभर पाणी नक्की. मी बनियनवरच खाली उतरलो, मुख्य वाल्व शोधला, दोन्ही हातांनी पिळला. सुरुवातीला पाण्याने मला भिंतीला लावलं. मग ते हळूहळू मंदावलं आणि थांबलं. जिन्यावर चिरंजीव उभे होते, तोंड उघडं ठेवून.

“बाबा,” ते कुजबुजले, “पाणी तुझं ऐकतं.”

मी नाकारलं नाही. दोन महिने सावत्र राहिलेल्या माणसाकडून तेवढा प्रामाणिकपणा कुणी अपेक्षू नये.

तो तीन-तीन पायऱ्या चढत वर गेला. ओले कपडे पिळत मी जिन्याशी पोचलो तेव्हा आई ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती.

“आजी, लग्नाच्या आधी तू कधी समुद्रावर गेली होतीस?”

“आधी आणि नंतर कसलं! गुहागरला घराच्या परसातून उतरलं की समुद्रच. नारळी पौर्णिमेला दर वर्षी स्वतःच्या हाताने नारळ द्यायचे मी त्याला.”

“आणि तो घ्यायचा?”

“घेतल्याशिवाय राहतो?”

चिरंजिवांनी वळून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. चंदनाचा हार, पांढरी टोपी, पोस्टातली छत्तीस वर्षांची नोकरी, माझे वडील. बराच वेळ ते बघत राहिले, अगदी त्या शनिवारी माझ्याकडे बघत होते तसे.

“आजी, आजोबांच्या अंगाला वास यायचा?”

आई कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवत जरा विचारात पडली.

“तंबाखूचा यायचा हो,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू?”