खुलासा: समिती बरखास्त झाली, लसी सदोष ठरल्या नाहीत

‘लसी घातक असल्याचे अमेरिकेने अखेर मान्य केले, म्हणूनच तिथली लस समिती बरखास्त झाली,’ असा मजकूर फिरतो आहे. त्यातली बरखास्ती खरी आहे, कारण मात्र खोटे.

९ जून २०२५ रोजी आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी (ज्युनियर) यांनी रोगनियंत्रण केंद्राच्या लसीकरण सल्लागार समितीतले सर्व १७ सदस्य काढले आणि दोनच दिवसांत ८ नवे नेमले. त्यांनी दिलेले कारण होते सदस्यांच्या हितसंबंधांचे आणि लोकांचा विश्वास परत मिळवण्याचे. कुठल्याही लसीत नवा दोष सापडल्यामुळे हे घडलेले नाही. हा मंत्र्याचा निर्णय होता, प्रयोगशाळेचा निष्कर्ष नव्हे.

नव्या समितीने त्याच महिन्यात थायमेरोसल (लस टिकवण्यासाठी वापरले जाणारे पारायुक्त रसायन) असलेल्या फ्लूच्या लसींविरुद्ध मत दिले. त्याचाही ‘पुरावा’ म्हणून वापर होतोय. वास्तविक थायमेरोसल आणि ऑटिझमचा संबंध अनेक मोठ्या अभ्यासांत आढळलेला नाही. तिथल्या लहान मुलांच्या नेहमीच्या लसींतून तर ते २००१ पर्यंतच, केवळ खबरदारी म्हणून, काढले गेले होते.

लसीला परवाना देते अन्न व औषध प्रशासन. ही समिती फक्त शिफारस करते. शाळाप्रवेशासाठीची सक्ती राज्ये ठरवतात. पण म्हणून ही शिफारस क्षुल्लक समजू नका. विमा कंपन्यांनी कोणत्या लसीचा खर्च उचलायचा आणि गरीब मुलांना कोणती लस मोफत मिळायची, हे बऱ्याच अंशी तिच्यावरच अवलंबून असते. मला खरी काळजी वाटते ती याचीच.