सत्तर तासांचा अर्धा दाखला

नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सांगताना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीचा आणि जपानचा दाखला दिला, आणि तेव्हापासून हिंजवडीत नोकरी करणारा माझा भाचा प्रत्येक वादात तोच दाखला माझ्यापुढे ठेवतो. म्युनिकमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत मुरलेल्या मला तो खटकतो, कारण तो अर्धाच आहे. युद्धानंतर जर्मन कामगार आठवड्याला ४८ तास राबले हे खरे; पण देश भरभराटीला येत असतानाच, १९५६ साली, इथल्या कामगार संघटनांनी ‘शनिवारी बाबा माझे’ ही लहान मुलाच्या तोंडची घोषणा घेऊन पाच दिवसांच्या आठवड्यासाठी मोहीम उघडली, आणि १९६३ साली भरपगारी रजेचा कायदा झाला. आधी श्रीमंत व्हा, मग रजा मागा, असे कुणी त्यांना सांगितले असते तर त्यांनी ऐकून घेतले नसते.

“पण मामा, कर कापून तुमच्या हातात उरतं किती?” असे तो विचारतो. कमी उरते, हे मला मान्य आहे; पुण्यात राहिलेल्या माझ्या वर्गमित्रांचे दोन-दोन फ्लॅट झाले आहेत. मात्र जानेवारीतच आमच्या टीमच्या कॅलेंडरवर शाळकरी मुलांचे पालक ऑगस्ट भरून टाकतात, मॅनेजरचे तीन आठवडे त्यांच्याही आधी लागलेले असतात, आणि मोठे रिलीज त्या महिन्यात ठेवायचेच नाही हे कुणाला सांगावे लागत नाही. रजेत आजारी पडलो तर डॉक्टरांचा दाखला दिल्यावर ते दिवस परत जमा होतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने मिळणारी किमान २० दिवसांची रजा नोकरी चालू असेपर्यंत पैशांत बदलून घेताच येत नाही.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे हक्काची रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. भाचा ती साठवतो आणि कंपनीने मुभा दिली की वाकडच्या फ्लॅटच्या हप्त्यासाठी रोखीत घेतो. विकता येणारी रजा गरजवंत विकणारच, आणि हे मॅनेजरलाही पक्के ठाऊक असते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आस्थापनांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली, तेव्हा तरी त्याला राग येईल असे मला वाटले होते, तो म्हणाला, “कागदावर आलं इतकंच.”

माझी बहुतेक रजा सांगलीला जाण्यात संपते. तिथे राहिलो असतो तर बाबांना दवाखान्यात न्यायला अर्ध्या दिवसाची सुट्टी पुरली असती. इथून त्याच कामाला तीन आठवडे लागतात आणि तरीही नेमक्या दिवशी मी तिथे नसतो. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख चार दिवसांवर ठरली, तेव्हा पुण्याहून भाचा गेला, तोही बिनपगारी, कारण शिल्लक रजेचे पैसे त्याने आदल्याच महिन्यात घेतले होते. त्याचा कापला गेलेला पगार मी पाठवतो म्हणालो, तर “आजोबा माझेही आहेत” म्हणून त्याने घेतला नाही.