सर्टिफिकेट आपोआप रिन्यू होते म्हणे!

शनिवारी सकाळी आमच्या पतसंस्थेच्या वेबसाइटवर कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा झळकू लागला, आणि दोन महिन्यांपूर्वी ती नव्या सर्व्हरवर हलवणाऱ्या कंत्राटदाराने फोनवर मलाच सुनावले, "सर्टिफिकेट आपोआप रिन्यू होते, तुमच्याकडेच काहीतरी घोळ असेल." तळपायाची आग मस्तकात गेली.

साइटची ओळख पटवणारे आणि कनेक्शन सुरक्षित ठेवणारे हे सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था देते, ते ९० दिवसांचे असते आणि मुदतीचे ३० दिवस उरले की सर्व्हरवरचा सर्टबॉट हा प्रोग्राम ते नवे करायला घेतो, हे त्यांनाही ठाऊक आहे. परंतु जुन्या सर्व्हरवर साइट चालवणारा प्रोग्राम अपाची होता आणि नव्यावर एनजिनएक्स आहे, याचा विचार न करता त्यांनी सर्टिफिकेटचे अख्खे फोल्डर उचलून इकडे आणून ठेवले, ब्राउझरमध्ये कुलूप दिसताच काम झाले असे मानले आणि बिल पाठवले. मी रिन्यूअलची फाइल उघडली तेव्हा 'ऑथेंटिकेटर'पुढे, म्हणजे साइट आमचीच आहे हे कोणामार्फत सिद्ध करायचे त्या जागी, अजूनही 'अपाची'च लिहिलेले होते. जो या मशीनवर बसवलेलाच नाही, त्याच्या भरवशावर आमचे सर्टिफिकेट सोडून दिले होते! सर्टबॉटच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींच्या फाइलमध्ये, यामुळे आलेली तीच एरर दिवसातून दोनदा, महिनाभर, म्हणजे साठेक वेळा नोंदलेली होती, आणि देखभालीचे पैसे दरमहा घेणाऱ्या एकानेही तो उघडून पाहिला नव्हता. मुदत संपत आल्याचे लेट्स एन्क्रिप्टचे ईमेलही जून २०२५पासून बंद झाले आहेत, त्यामुळे लक्ष ठेवण्याची जबाबदारी सर्वस्वी यांचीच होती. सर्व्हर हलवल्यावर 'ड्राय-रन'ची, म्हणजे रिन्यूअलच्या रंगीत तालमीची, एक कमांड चालवली असती, तर ही चूक त्याच दिवशी समोर आली असती.

इकडे काउंटरवर एक वयस्क बाई पासबुक छातीशी धरून विचारत होत्या, "साहेब, ठेवी बुडाल्या का?" पतसंस्था बुडाल्याच्या बातम्या ज्यांनी वर्षानुवर्षे वाचल्या आहेत, त्यांना तो इशारा पाहून दुसरे काय वाटणार? त्यांना समजावताना मला झालेला संताप मी अजून विसरलेलो नाही.

ऑथेंटिकेटर बदलून नवे सर्टिफिकेट मिळाले, तरी एनजिनएक्स रीलोड करेपर्यंत तो जुनेच दाखवत राहिला. नवे सर्टिफिकेट आले की आपोआप रीलोड करणारा हुकसुद्धा यांनी लावलेला नव्हता. १५ मार्च २०२९पासून अशा सर्टिफिकेटांची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे, तेव्हा हाच हलगर्जीपणा वर्षातून किती वेळा सोसायचा? माझ्यासमोर बसून ड्राय-रन यशस्वी करून दाखवेपर्यंत उरलेले बिल मिळणार नाही, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.