बोर्ड गेलेला नव्हता

माझ्या साडेचार वर्षांच्या मुलाची बॅटरीवर चालणारी जीप दीड महिना जागेवरून हलली नाही, आणि त्या दीड महिन्यात तिच्यात नेमके काय बिघडले आहे हे मोजून पाहण्याची तसदी तिच्या दुरुस्तीचे पैसे घेणाऱ्या एकाही माणसाने घेतली नाही. खेळणे बिघडते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. न तपासता ‘हे बदला, ते बदला’ सांगून आईबापांच्या खिशात हात घालायचा, हा जो प्रकार सर्रास चालतो, तो मला असह्य झाला आहे.

फेब्रुवारीत वाढदिवसाला साडेअकरा हजार रुपये मोजून आम्ही ती घेतली. मे अखेरपर्यंत ती रोज संध्याकाळी आमच्या नाशिकच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये फिरत होती. पाऊस सुरू झाल्यावर प्लास्टिकचा कागद घालून ती जिन्याखाली ठेवली आणि गणपतीत पाहुण्यांची मुले आली तेव्हा बाहेर काढली, तर ती पूर्ण बंद. चार्जर लावला, तर त्याचा दिवा पाच मिनिटांत हिरवा झाला, त्यामुळे बॅटरी भरलेलीच आहे अशी आमची समजूत झाली. हा हिरवा दिवा किती फसवा आहे, हे मला फार उशिरा कळले. बॅटरी करंट ओढेनाशी झाली की चार्जरला ती भरल्यासारखीच वाटते. बॅटरी भरली म्हणूनही तो हिरवा होतो आणि बॅटरी मेली म्हणूनही हिरवाच होतो.

या जीपमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिसे आणि आम्लाची बंद बॅटरी असते. आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचेच हे धाकटे भावंड म्हणायचे. अशी बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा कठीण थर धरतो आणि मग ती चार्ज धरत नाही. म्हणून जीप वापरात नसली, तरी महिन्यातून एकदा ती पूर्ण चार्ज करावी लागते, आणि सोबतच्या एक अँपिअरच्या चार्जरने त्याला आठ-दहा तास लागतात. एवढे एकच वाक्य विकताना कोणी सांगितले असते किंवा खोक्यातल्या त्या कागदावर छापले असते, तर ती बॅटरी वाचली असती. त्या कागदावर आरसे आणि स्टिअरिंग कसे बसवायचे याची चित्रे आहेत, बॅटरीबद्दल एक अक्षर नाही. दुकानदाराला हे विचारले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, हे सगळ्यांना माहीत असतं. आणि बॅटरीला वॉरंटी नसते.” सगळ्यांना म्हणजे कोणाला?

नवी बॅटरी अठराशेला पडली. जुनी त्याने ठेवून घेतली आणि तिचा एक रुपयाही वजा केला नाही. इन्व्हर्टरची बॅटरी बदलताना कोणताही दुकानदार जुनीचे पैसे वजा करतो, कारण त्यातल्या शिशाला भंगारातही किंमत असते. येथे मात्र ती बॅटरी निमूटपणे काउंटरखाली गेली.

नव्या बॅटरीवर जीपचे दिवे लागले, गाणेही वाजले, पण पेडल दाबले की चाके ढिम्म. पुन्हा रिक्षात घालून जीप दुकानात नेली. तिथल्या कारागिराने दिवे लावून पाहिले, पेडल दोनदा दाबले आणि उभ्या उभ्या निकाल दिला, “बोर्ड गेला. पंधराशे. मुंबईहून मागवावा लागेल.” बोर्ड म्हणजे मोटारींना वीज सोडणारी जीपच्या आतली सर्किटची पट्टी. पाचशे आगाऊ घेतले. बोर्ड गेला हे कशावरून, असे मी विचारले, तर उत्तर मिळाले, “तुम्हाला नाही कळणार, तुमच्या मिस्टरांना पाठवा.”

माझे वडील वीज मंडळात वायरमन होते. त्यांचा वीज तपासायचा मीटर, म्हणजे मल्टिमीटर, माझ्याकडे आहे आणि तो कसा लावायचा हे मला त्यांनीच शिकवले आहे. मी जीप घरी आणली. ही जीप मुलाने आत बसून पेडलने चालवायची, तशी ती रिमोटवरही चालते. म्हणून आधी रिमोटमधले सेल बदलले. तरीही तो जीपला सापडेना, कारण बॅटरी काढली की काही जीपा रिमोट विसरतात आणि तो पुन्हा जोडावा लागतो. हेही कागदावर नाही. जीपचे बटण बंद-चालू करत, रिमोटवरची दोन बटणे एकत्र दाबून धरत, पाऊण तास खटपट केल्यावर तो जुळला, आणि रिमोटवर जीप सरळ पुढे धावली! याचा अर्थ बॅटरी, बोर्ड, दोन्ही मोटारी आणि गिअर सगळे ठणठणीत होते. बिघाड होता तो फक्त पेडलच्या वाटेवर. “रिमोटवर चालते का?” एवढा एक प्रश्न त्या कारागिराला सुचला नसेल, तर त्याने या कामाला हात घालू नये, आणि सुचूनही त्याने विचारला नसेल, तर त्याला मी लबाडीच म्हणेन.

मग जीप उलटी करून पेडलखालचे झाकण काढले. नऊ स्क्रू होते, त्यातले दोन इतक्या खोल भोकात की घरातला एकही पेचकस पोचेना. आत नखाएवढा एक स्विच होता, त्याच्या पायांवर पावसाळी दमटपणाने हिरवट थर चढलेला. मीटर बझरवर ठेवून (विजेची वाट जोडलेली असली की तो वाजतो) दोन्ही टोकांना लावला आणि स्विच दाबला, तर मीटर मुका. त्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या, तशी उलट्या जीपची मागची चाके गरगर फिरू लागली आणि शेजारी उकिडवा बसलेला माझा मुलगा टाळ्या पिटू लागला. तो स्विच इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पंचवीस रुपयांना मिळाला.

१ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. मुलांच्या सुरक्षेसाठी ते हवेच. पण साडेअकरा हजारांच्या वस्तूसोबत वायरिंगचा साधा नकाशा देण्याचे कोणाच्याही मनात येत नाही, याची मला चीड येते. माझ्याकडे मीटर होता म्हणून मी सुटले. ज्यांच्याकडे नाही, ते पंधराशे देतात, नाहीतर एका स्विचसाठी अख्खी जीप भंगारात घालतात. आमच्याच पार्किंगच्या कोपऱ्यात अशा दोन जीपा धूळ खात पडल्या आहेत.

काल दुकानातून फोन आला, “बोर्ड आलाय, उरलेले हजार घेऊन या.” उद्या मी तो जुना स्विच आणि पाचशेची पावती घेऊन जाणार आहे. पैसे परत मिळाले नाहीत, तर तिथेच उभी राहून ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावणार आहे.