फ्रिट्झ म्युलरची कोळंबी

कोळंबी सोलायला बसले की मला हल्ली फ्रिट्झ म्युलर आठवतो. उत्क्रांती म्हटलं की आपण डार्विनपाशी थांबतो, फार तर त्याच काळात तोच विचार मांडणाऱ्या वॉलेसपर्यंत जातो. या माणसाचं नाव कुणी घेत नाही, आणि ते मला मनापासून लागतं.

म्युलरचा जन्म १८२२चा, जर्मनीत एर्फुर्टजवळ. वैद्यकी पुरी शिकला, पण पदवीच्या शपथेत देवाचं नाव घ्यावं लागे. श्रद्धा नसताना ते कसं घ्यायचं? त्यानं पदवीच सोडली. १८५२ मध्ये कुटुंबासह दक्षिण ब्राझीलमधल्या ब्लुमेनाउला गेला, जंगल तोडून शेती केली. पुढे देस्तेरोत, म्हणजे आजच्या फ्लोरियानोपोलिसमध्ये, गणित शिकवू लागला. समोर समुद्र होता.

सगळे जीव समान पूर्वजांपासून बदलत आले, असं सांगणारं डार्विनचं पुस्तक वाचल्यावर त्यानं वाद घातला नाही, टीका लिहिली नाही. हे खरं असेल तर कोळंबी-खेकड्यांसारख्या कवचधारी प्राण्यांत काय दिसायला हवं, एवढंच विचारलं आणि पाण्यात शोधू लागला. खडकाला चिकटणाऱ्या बार्नॅकलचं पिल्लू तीन जोड पायांचं, एका डोळ्याचं असतं. त्याला नॉप्लियस म्हणतात. प्रगत कोळंबी ही अवस्था गाळते, असा समज होता. म्युलरला कोळंबीचाही नॉप्लियस सापडला! दिसायला इतके वेगळे जीव, आणि बालपण एकच, म्हणजे पूर्वजही एकच. १८६४ मध्ये त्यानं ते छोट्या पुस्तकात मांडलं. डार्विननं स्वखर्चानं त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. पुढे डार्विनच्या मृत्यूपर्यंत दोघांची पत्रं चालू होती. भेट मात्र कधीच झाली नाही.

पक्ष्यांना नकोशा चवीची दोन जातींची फुलपाखरं एकमेकांसारखी का दिसतात, हेही त्यानंच आकड्यांनी सोडवलं. पक्षी आईच्या पोटातून शिकून येत नाही, चव घेऊनच शिकतो. समजा, धडा शिकेपर्यंत तो १२०० फुलपाखरं मारतो. एक जात २०००ची, दुसरी १०,०००ची. वेगळी दिसली तर दोघींना प्रत्येकी १२०० गमवावी लागतील. सारखी दिसली तर २०० आणि १०००. लहान जातीचे १००० जीव वाचले, म्हणजे निम्मी जात! आपल्याकडच्या प्लेन टायगर आणि स्ट्राइप्ड टायगर या फुलपाखरांचं साम्य बघताना मला हे गणित दिसतं.

उतारवयात तो रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी फिरता निसर्गअभ्यासक होता. १८९१ मध्ये हुकूम आला, राजधानीत येऊन राहा. एकोणसत्तराव्या वर्षी त्यानं नोकरी गमावली, ब्लुमेनाउ सोडलं नाही.